आंतरराष्ट्रीय उद्योजकतेत, म्हणजे उद्योग परदेशी बाजारात कसे उतरतात या विषयात, पीएच.डी. बडोद्यात राहून करता येईल, की त्यासाठी बाहेरच जावं लागेल? आणि पुढे नोकरीचं काय?

करता येईल. नोकरीचं काय, हे तुम्ही विचारलंय, त्याकडे शेवटी येते. पण "बाहेरच जावं लागेल" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याला आधी उत्तर देणार.

मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. इथल्याच एका कॉलेजात कॉमर्स शिकवते. 2007 च्या सुमारास पीएच.डी.चा सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, मांडला. विषय होता मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यांना पहिली परदेशी ऑर्डर मिळते कशी. समितीत बाहेरून आलेले एक तज्ज्ञ होते. त्यांनी चार पानं उलटली आणि म्हणाले, "या तर नात्यागोत्याच्या गोष्टी. यात सिद्धांत कुठे आहे? प्रोवेसमधून मोठ्या कंपन्यांचा डेटा काढा." प्रोवेस हा कंपन्यांचा डेटाबेस. मला ज्यांच्याबद्दल लिहायचं होतं त्या भागीदारी पेढ्या त्यात नाहीतच, हे त्यांना सांगूनही पटलं नाही.

पंपाचे सुटे भाग करणारी एक पेढी घ्या. एक भागीदार आमच्याच आळीतले, टूलरूममध्ये आयुष्य गेलेले, दुसरे पटेल. पटेलांचा मावसभाऊ नैरोबीत हार्डवेअरचा व्यापारी. त्याने ओळखीच्या माणसाच्या सामानातून एक तुटका इंपेलर, म्हणजे पंपातलं फिरणारं चाक, पाठवला, "असाच करून द्या" म्हणून. यांनी पॅटर्न केला, ओतून घेतला, मशीनिंग केलं, नमुना पाठवला. ऑर्डर आली. एल.सी. म्हणजे बँकेची पैशांची हमी नाही, आगाऊ पैसे नाहीत, मावसभावाचा शब्द. पुढे रीतसर आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीसाठीचा सरकारी क्रमांक, काढला, कस्टम्सचं शिपिंग बिल निघू लागलं. तोवर या पेढीने राजकोटला एक नगही विकला नव्हता, आणि राजकोट म्हणजे इंजिन-पंपांचं गाव, इथून काही तासांवर. मी विचारलं, आधी राजकोट का नाही? ते म्हणाले, "तिथे आम्हाला ओळखतं कोण?"

आता पुस्तकातलं बघा. योहान्सन आणि वाल्ने या स्वीडिश संशोधकांचं 1977 चं उप्साला मॉडेल सांगतं की कंपनी आधी घरच्या बाजारात रुजते, मग जवळच्या वाटणाऱ्या देशात, मग दूर. आधी एजंट, मग स्वतःचं विक्री कार्यालय, मग कारखाना. त्यामागे व्होल्वो, सँडविकसारख्या स्वीडिश कंपन्यांचा अभ्यास होता. ओव्हिएट आणि मॅकडूगल या संशोधकांनी 1994 मध्ये म्हटलं की काही उद्योग जन्मापासूनच परदेशात धंदा करतात. आणि 2009 मध्ये योहान्सन-वाल्ने यांनीच आपलं मॉडेल पुन्हा तपासून लिहिलं की खरी अडचण परक्या देशाची नसते, तिथल्या संबंधांच्या जाळ्याबाहेर असण्याची असते. आमच्या आळीतले भागीदार हेच सांगत होते, शेडमध्ये उभे राहून. त्या तज्ज्ञांनी हा लेख वाचला असेल अशी आशा आहे.

बडोद्याला हे नवीनही नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात, 1908 साली स्थापन झालेल्या बँक ऑफ बडोदाने 1953 मध्ये परदेशातल्या शाखा उघडल्या त्या पूर्व आफ्रिकेत, मोंबासा आणि कंपालाला. का? इथलं गिऱ्हाईक आधीच तिथे जाऊन बसलं होतं. नात्यागोत्याच्या गोष्टी म्हणून हे उडवून लावणाऱ्याने हा विषय शिकवू नये.

मात्र नात्याचं कौतुकच करत बसू नका. त्याच पेढीचा जवळजवळ सगळा माल त्या एका व्यापाऱ्याकडे जायचा, भाव तो ठरवायचा, आणि मावसभावाशी घासाघीस करणार कोण? दुसरा देश शोधायला त्यांना फार उशीर झाला. म्हणून निर्यात सोडून दिलेल्यांनाही भेटा. बंद शेडचा मालक जे सांगतो ते चालू कारखान्याचा मालक सांगत नाही. आणि गुजराती बोलता आलं पाहिजे. "बेन, बेसो" म्हणून चहा आला की मग फाइल उघडते. प्रश्नावली ई-मेलने पाठवून कुणी उत्तर देत नाही.

गाइड निवडताना एकच बघा: हा माणूस शेवटचा कारखान्यात कधी गेला होता. नाव किती मोठं आहे ते नंतर.

हेही सांगायला हवं की मूठभर पेढ्यांवरून देशभराचा निष्कर्ष काढता येत नाही, त्यामुळे संख्याशास्त्र नीट शिका. ते मोठ्या संस्थांत जास्त चांगलं शिकवतात, हे मान्य. एखाद्या सत्रासाठी बाहेर जाऊन या. नोकरीचं म्हणाल तर या विषयाच्या नावाने जागा निघत नाही, कॉमर्स किंवा मॅनेजमेंटच्या जागेवरच अर्ज करावा लागतो. घर तुमच्यावर अवलंबून असेल तर आधी नेट परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळवा, मगच सिनॉप्सिसला हात घाला.