अटक वॉरंटच घटनाबाह्य ठरवून कुणी प्रत्यार्पण रोखलंय का?

रोखलंय. पण नेमकं काय घटनाबाह्य ठरलं, तिथेच खरी मेख आहे.

मामून दारकाझान्ली मूळचा सीरियाचा, नागरिकत्व जर्मन, राहणारा हॅम्बुर्गचा. अल कायदाला मदत केल्याच्या आरोपावरून तो स्पेनला हवा होता. ऑक्टोबर २००४ मध्ये युरोपियन अटक वॉरंटवर, म्हणजे युरोपियन युनियनच्या एका देशाने काढलेल्या वॉरंटवर दुसऱ्या देशाने आरोपी सोपवायच्या पद्धतीनुसार, त्याला पकडलं. पाठवणीची तयारी झाली आणि नोव्हेंबरात कार्ल्सरुहे इथल्या जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने स्थगिती दिली. १८ जुलै २००५ ला तर ज्या जर्मन कायद्याने हे वॉरंट देशात लागू केलं होतं, तो अख्खा कायदाच रद्द! दारकाझान्ली सुटला.

वॉरंटची कल्पना मात्र न्यायालयाने चुकीची ठरवली नाही. जर्मन घटनेचं कलम १६ सांगतं, आपला नागरिक परक्या देशाच्या हाती द्यायचा नाही. २००० साली त्यात युरोपियन युनियनच्या देशांसाठी एक फट ठेवली. न्यायालयाचं म्हणणं असं, की फट चालेल, पण गरजेपुरतीच. जर्मन भूमीवरच्या कृत्यासाठी जर्मन माणसाला दुसऱ्या देशात खेचणार असाल, तर नकार द्यायची सोय कायद्यात हवी. युनियनने ती मुभा दिली होती, संसदेने वापरलीच नाही. सुनावणीत खासदारांचा सूर काय, तर आमचे हात बांधलेले होते! मला तरी हा निव्वळ आळस वाटतो.

इथे ही सोय फार महत्त्वाची होती. परदेशी दहशतवादी संघटनेला मदत करणं हा जर्मनीत २००२ पर्यंत स्वतंत्र गुन्हाच नव्हता, आणि दारकाझान्लीवरचे बरेच आरोप त्याआधीचे. एरवी प्रत्यार्पणात ‘दोन्ही देशांत गुन्हा हवा’ ही अट असते. या वॉरंटमध्ये ३२ प्रकारच्या गुन्ह्यांसाठी ती काढून टाकलेली, आणि दहशतवाद त्यातलाच. वर, सोपवण्याच्या अंतिम मंजुरीविरुद्ध दादही मागता येत नव्हती. तो दुसरा दोष.

पोलंडच्या घटनात्मक न्यायाधिकरणानेही एप्रिल २००५ मध्ये असाच निकाल दिला, पण तरतूद १८ महिने चालू ठेवली आणि तेवढ्यात घटनाच दुरुस्त झाली. जर्मनीने घटनेला हात न लावता २००६ मध्ये नवा कायदा केला.

नीरव मोदीचं उदाहरण इथे लावू नका. लंडनमध्ये वाद झाला तो आर्थर रोडची बराक आणि त्याची मानसिक स्थिती यांवर, वॉरंटच्या घटनात्मकतेवर नाही.