चिंतेच्या गोळ्या नेमक्या कधी घ्यायच्या, आणि त्यांची सवय लागते का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की डॉक्टरांनी सकाळी एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम (हळूहळू गुण देणारी रोजची गोळी) आणि रात्री क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम (लगेच शांत करणारी) दिलीय. रात्रीची गोळी कधी नऊला घेतली जाते तर कधी बाराला. सासरी कुणाला माहीत नाही म्हणून पट्ट्या तांदळाच्या डब्यात असतात. आणि मामेबहीण म्हणाली, "एकदा लागली की सुटत नाही, आत्ताच बंद कर." हे शेवटचं वाक्य वाचलं आणि सोलायला घेतलेली सुपारी तशीच टाकून लिहायला बसले. आमच्याकडे ते मोठ्या दिरांच्या तोंडून आलं होतं आणि माझा एक अख्खा गणपती त्यात गेला.

दापोली तालुक्यात समुद्राला लागून आमची नारळ-सुपारीची वाडी आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा म्हणजे काय हे आकड्यावरून कळत नाही. पोफळ मोडते तेव्हा ओली काठी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज येतो. दोन-अडीच तास तो आवाज एकामागून एक येत होता. सासूबाई माजघरात खाटेखाली, आणि मी दार आतून पाठीने दाबून उभी. संध्याकाळी बाहेर आलो तर वाडीतून थेट समुद्र दिसत होता. लग्न होऊन आल्यापासून तो त्या जागेवरून कधी दिसला नव्हता.

त्यानंतर वारा सुटला की माझं सुरू. छातीत धडधड, हातपाय गार, श्वास वरच्या वर. कोकणात राहून वाऱ्याला घाबरणं म्हणजे गुरवाने घंटेला घाबरण्यापैकी, म्हणून कुणाला सांगितलं नाही. जवळच्या एका डॉक्टरांनी अल्प्राझोलाम ०.२५ लिहून दिली, तुमच्या रात्रीच्या गोळीच्याच गटातली, "त्रास होईल तेव्हा घ्या." किती दिवस, दिवसाला जास्तीत जास्त किती, पुन्हा कधी दाखवायचं, एक अक्षर नाही. गोळी मात्र जादूची. अर्ध्या तासात पोटातली गाठ सुटायची.

सवय लागते ती इथे. "लागेल तेव्हा" या दोन शब्दांत. अल्प्राझोलाम लवकर चढते आणि लवकर उतरते. रक्तातलं तिचं प्रमाण साधारण अकरा तासांत निम्मं होतं, पण बरं वाटणं त्याच्या कितीतरी आधी संपतं. उतरताना जी बेचैनी येते ती मूळच्या चिंतेसारखीच दिसते. मग माणसाला वाटतं आजार वाढला, आणि तो पुढची घेतो. पावसाळ्यात आठवड्याला दोन घेणारी मी दिवाळीत दिवसाला तीन घेत होते, आणि घड्याळाकडे बघत होते. वाडीला शिंपणं करतो ते झाड सुकलेलं दिसलं की धावत जाऊन नव्हे, पाळी ठरलेली असते म्हणून करतो. हे मला पोफळीबाबत कळत होतं, स्वतःबाबत नाही.

शेवटी जानेवारीत चिपळूणला मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. आमच्या भागात त्या डॉक्टरांकडे जाणं म्हणजे काय ते कोकणातल्यांना सांगायला नको. रत्नागिरीला १८८६ पासून मनोरुग्णालय आहे, त्यामुळे "हिला रत्नागिरीला पाठवा" ही शिवीच होऊन बसलीय. शहाण्यासुरत्या माणसांनी तिथे बरं होऊन घरी आलेली माणसं पाहिलेली असतात, तरी शिवी शिवीच. आम्ही घरात सांगितलं की दाढ दाखवायला चाललोय.

चिपळूणच्या डॉक्टरांनी अल्प्राझोलाम काढून तिच्या जागी रात्री क्लोनाझेपाम ०.५ दिली आणि सकाळी एस्सिटालोप्राम सुरू केली. तुमचीच जोडी. क्लोनाझेपाम निम्मी व्हायला तीस-चाळीस तास घेते, म्हणून चढउतार कमी. तुमचा नऊ की बारा हा प्रश्न त्यामुळे मला फार मोठा वाटत नाही. एखाद्या दिवशी मागेपुढे झालं तर आकाश कोसळत नाही. तरी झोपण्याच्या आधी अर्धा-एक तास अशी एक वेळ धरा, कारण बाराला घेतली की सकाळी डोकं जड राहतं आणि दूध उतू जातं. एस्सिटालोप्राम जेवणाआधी की नंतर याने फरक पडत नाही. रोज एका वेळी घेतल्याने पडतो. विसरलात तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या, दुसऱ्या दिवशीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही. तिने झोप उडत असेल तर सकाळी, सुस्ती येत असेल तर रात्री, हे डॉक्टरांना विचारून बदलता येतं. आणि पहिले आठ-दहा दिवस बेचैनी उलट वाढू शकते, खरा गुण यायला दोन ते सहा आठवडे जातात. बहुतेक जण तिसऱ्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून सोडतात. मलाही तिसऱ्या दिवशी मळमळलं होतं.

आता तो गणपती.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचा पूर आला. डॉक्टरांचा दवाखाना तळमजल्यावर, तो गेला. माझी पुढची तारीख ऑगस्टमधली, तीही गेली. फोन लागेना. दापोलीचा केमिस्ट नवीन चिठ्ठीशिवाय देईना, आणि ते त्याचं बरोबरच होतं. घरातल्या पट्ट्या मोजून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पुरणार होत्या. त्यात डोंबिवलीहून मोठ्या दिरांचा फोन. यांनी त्यांना विश्वासात घेऊन सांगितलं होतं. भाऊजी म्हणाले, "बरंच झालं, देवानेच सोडवलं. त्या गोळ्यांची गुलाम होशील. प्राणायाम कर. मनाने खंबीर हो." मला ते पटलं, हे कबूल करते. खंबीर व्हायला कुणाला नको असतं? पट्टीत चार गोळ्या उरल्या असताना, चतुर्थीच्या बरोबर आठवडाभर आधीच्या शुक्रवारी, मी दोन्ही गोळ्या एकदम बंद केल्या.

दोन दिवस काही नाही. मी यांना म्हटलंसुद्धा, बघा, काही होत नाही. सोमवारपासून मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. ते एस्सिटालोप्राम अचानक तोडल्याचं. बुधवारपासून झोप गेली. भांडं पडलं तरी अंगावर काटा. ते क्लोनाझेपामचं. लांब टिकणारी गोळी, म्हणून तिचा हिशेबही उशिरा येतो आणि माणूस फसतो.

चतुर्थीला घरात अठरा माणसं. त्या वर्षी नारळ विकत आणले होते, वाडीवाल्यांच्या घरी, ते एक दुःख आधीच पोटात. उकड मी काढली, छान मऊ निघाली. पहिली पारी हातावर घेतली, सारण भरलं आणि कळ्या पाडायला बोटं लावली तर अंगठा आणि तर्जनी जागेवर राहीनात. एक कळी पडली की शेजारची दबते. तिसऱ्या मोदकाला पारी फाटून गूळ मनगटावर आला, गरम, आणि मला भाजल्याचं कळलंच नाही, मी नुसती बोटांकडे बघत होते. पंचवीस वर्षं या घरातले एकवीस मोदक माझ्या हातचे. जाऊबाईंनी काही न बोलता ताट आपल्याकडे ओढलं. आरतीला झांजा वाजायला लागल्या तशी मी मागच्या पडवीत जाऊन कान धरून बसले. भाऊजी मागून आले आणि म्हणाले, "बघ, किती सवय लागली होती ती."

हे वाक्य मी आजवर सोडलेलं नाही. भाऊजी, तुम्ही हे वाचणार नाही, पण लिहिते. रोज रात्री झोपेसाठी दोन पेग घेणाऱ्याने सवय हा शब्द जपून वापरावा. दारू मेंदूत बऱ्याच अंशी तिथेच काम करते जिथे ही गोळी करते, फरक इतकाच की दारूच्या बाटलीवर मिलिग्रॅम लिहिलेले नसतात आणि ती किती कमी करायची हे कुणी कागदावर लिहून देत नाही. बारा वर्षं बीपीची गोळी घेता, तिला गुलामी म्हणत नाही. व्यसन म्हणजे गोळीमागे धावणं, जास्त जास्त मागणं, संसार बाजूला ठेवणं. शरीराला औषधाची सवय होणं वेगळं. तो मेंदूचा जमाखर्च आहे, रोज बाहेरून शांतता आली की आतली यंत्रणा ढिली पडते आणि एकदम तोडली की तिला सावरायला वेळ लागतो. अल्प्राझोलामच्या वेळी मी पहिल्या गोष्टीच्या काठावर होते, हे खरं. गणपतीत झालं ते दुसरं होतं.

ऋषिपंचमीला यांनी गाडी करून मला चिपळूणला नेलं. डॉक्टर वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी खोलीत बसत होते. जिना चढताना खालच्या भिंतीवर चिखलाची रेघ दिसली, माझ्या डोक्याच्या वर. ते रागावले नाहीत. "कुणी सांगितलं बंद करायला?" एवढंच विचारलं. मग म्हणाले की या गोळ्या एकदम तोडल्या तर काही जणांना फिट येते, तुम्ही थोडक्यात सुटलात. त्याच रात्री पुन्हा सुरू. दोन दिवसांत बोटं जागेवर आली. गौरीसुद्धा मीच सजवली.

पुढे क्लोनाझेपाम सुटली, मामेबहिणीला सांगा. दीड महिना सगळं स्थिर ठेवून मग डॉक्टरांनी ०.५ मिलिग्रॅमवरून ०.३७५, मग पाव, मग त्याच्या अर्धी अशी उतरवली. प्रत्येक पायरीला महिना-दीड महिना. पाव मिलिग्रॅमच्या गोळीचे दोन तुकडे करायचे म्हणजे कसरत. सुरीने एक तुकडा ओट्याखाली जायचा. सासूबाई बघत होत्या. एके रात्री पानाच्या डब्यातला अडकित्ता पुसून घेतला, गोळी पात्यात धरली आणि कट् करून दोन सारखे भाग माझ्या तळहातावर ठेवले. "हे मला जमतं," म्हणाल्या. दाढेचं नाटक त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. शेवटची पायरी सगळ्यात जड गेली, दोनदा मागे फिरावं लागलं. जून २०२२ मध्ये क्लोनाझेपाम पूर्ण बंद. एस्सिटालोप्राम चालू आहे, ५ मिलिग्रॅम, आणि ती कधी बंद होणार असं मी डॉक्टरांना विचारलेलंही नाही.

माझे आकडे स्वतःला लावू नका, मी पोफळी लावते, औषधं देत नाही. आणि भाऊजींच्या भीतीत तथ्य अजिबात नाही असंही नाही. अल्प्राझोलाम-क्लोनाझेपामच्या गटातल्या गोळ्या शक्यतो दोन-चार आठवड्यांपुरत्याच द्याव्यात असं सांगितलं जातं. अमेरिकेतल्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्यांच्यावर सवय आणि व्यसनाचा ठळक इशारा छापायला लावला. आपल्याकडे २०१४ पासून अल्प्राझोलाम विकताना दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंट आणि डॉक्टरचं नाव लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं, ते उगाच नाही. म्हणून तुमच्या डॉक्टरांना पहिल्या भेटीतच विचारा, रात्रीची कधी आणि कशी बंद करायची. उत्तर नसेल तर डॉक्टर बदला. दारूबरोबर नको, कोडीनवाल्या खोकल्याच्या औषधाबरोबर नको. दिवस गेले असतील किंवा ठरवत असाल तर आधी सांगा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आपली गोळी देऊ नका, रात्री उठताना पडतात. डॉक्टर लांब असतील तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. २०२१ मध्ये तो नव्हता.

राहिली गोष्ट सासरी सांगण्याची. मी दीड वर्ष लपवलं आणि त्यातूनच वेळा चुकत गेल्या, कारण सगळे झोपल्याशिवाय डब्याला हात घालता येत नाही. तुमचे नऊ-बारा त्यामुळेच होत असणार. सगळ्यांना सांगू नका, एकाला सांगा. आणि त्या पट्ट्या तांदळातून आजच काढा. पावसाळ्यात आपल्याकडे डब्यात दमट होतं, आणि कधीतरी जेवायला माणसं जास्त आली की तांदूळ दुसरं कुणीतरी काढतं. माझी पट्टी फ्रीजवर, कॅलेंडरच्या मागे उभी असते. भाऊजी मे महिन्यात आले होते, तेव्हाही हलवली नाही.