पंचांगाला नाही म्हणालो, मग टेकडीवर का गेलो?

“मॅडम, मी ढोंगी आहो का?” समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या तरुणानं खुर्चीत नीट बसायच्या आतच विचारलं. वय २४, भौतिकशास्त्रात एमएस्सी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वडिलांची बायपास ठरली, तेव्हा काकांनी पंचांग काढलं. “दिवस बरा नाही, दोन दिवस थांबून जा.” हा भांडला आणि डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच शस्त्रक्रिया करवून घेतली. त्याच संध्याकाळी, वडील आयसीयूत असताना, चार वर्षं देवळाची पायरी न चढलेला हा मुलगा धंतोलीतून चालत टेकडी गणपतीला गेला. तेव्हापासून स्वतःचीच लाज वाटत होती.

“तिथं काय मागितलंस?”

बराच वेळ गप्प. “काहीच नाही. बाबा दर मंगळवारी जिथं उभे राहतात, तिथं उभा राहिलो.”

“नवस?”

“नाही जी.”

औषधांच्या वेळा त्यानंच वहीत लिहिल्या होत्या. मग तर्क सोडला कुठं? पंचांगावरून उपचार लांबवणं धोक्याचं होतं, तिथं तो हटला नाही. देवळात त्यानं फक्त आपली भीती नेली होती. माझ्या मते या दोन गोष्टींत विरोध नाही.

हा प्रश्न माझ्याकडे अनेक तरुण आणतात. त्याच्याच विषयातल्या जॉर्ज लमेत्रची गोष्ट मी सांगितली. हा कॅथलिक धर्मगुरू. १९२७ मध्ये त्यानं विश्व प्रसरण पावतंय असं मांडलं. पुढे १९५१ मध्ये पोपनी त्या सिद्धांताचा संबंध सृष्टीच्या निर्मितीशी जोडला, ते मात्र त्याला रुचलं नाही. श्रद्धा आणि समीकरण त्यानं वेगळं ठेवलं. आपल्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दुसरी वाट दाखवली: धर्मालाच बुद्धीच्या कसोटीवर घासलं, देव-अवतार नाकारले आणि धम्म स्वीकारला. या दोन वाटा एक नाहीत, आणि त्यातली कोणती धरायची हे मी कुणाला सांगत नाही.

“मला अजून ठरवता येत नाही,” तो म्हणाला. चोविसाव्या वर्षी ते ठरायलाच हवं असं कुठंय?

वडील आता घरी आहेत. काकांचा अबोला मात्र सुटलेला नाही. पुढच्या भेटीत त्याला त्याबद्दलच बोलायचंय.