‘मोठ्या विमानाची ऑफर आलीय, घेऊ का?’

“पगार वाढेल, विमान मोठं मिळेल, पण मी घरी दिसणारच नाही असं हिचं म्हणणं आहे.” ठाण्यात राहणाऱ्या चौतिशीतल्या एका फर्स्ट ऑफिसरने (सहवैमानिकाने) पत्नीसोबत आमच्याकडे सल्ल्यासाठी आल्याआल्या प्रश्न असा मांडला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सध्या ते एअरबस ए३२० उडवतात, बेस (ड्यूटी जिथून सुरू होते ते शहर) मुंबई, कमांडसाठी म्हणजे कॅप्टन होण्यासाठी नंबर साधारण वर्षभरात लागेल. दुसऱ्या कंपनीकडून बोईंग ७७७ वर फर्स्ट ऑफिसर म्हणून बोलावणं आलं होतं. पत्नी बँकेत, मुलगी पाच वर्षांची, आजी-आजोबा साताऱ्याला.

हा पेच घेऊन येणारी जोडपी बरीच आहेत आणि बहुतेकांचं भांडण अंदाजांवर चाललेलं असतं. तो म्हणतो लांबच्या फ्लाइट्सना सुट्ट्या जास्त, ती म्हणते चार-चार दिवस गायब होशील. दोघांचंही खरं असतं. म्हणून पहिलं काम एकच: गेल्या तीन महिन्यांचं रोस्टर (ड्यूटीचं वेळापत्रक) छापून आणायचं, कंपनीने आधी जाहीर केलेलं नव्हे तर प्रत्यक्षात उडवलेलं. सोबत ७७७ वरच्या एखाद्या ओळखीच्या सहकाऱ्याचं तेवढ्याच काळाचं रोस्टर मागून आणायचं.

मग तीन रंगांची पेनं. हिरवा म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत घरी आणि ताजातवाना. पिवळा म्हणजे घरी, पण झोपेत किंवा झोपेच्या तयारीत. लाल म्हणजे बाहेर किंवा स्टँडबायवर, म्हणजे फोन येताच निघण्याच्या तयारीत. स्टँडबाय लालमध्येच धरायची. फोन आला नाही तरी त्या दिवशी मुलीला घेऊन साताऱ्याला जाता येत नाही. रंग दोघांनी मिळून भरायचे. पिवळा दिवस कोणता, हे पत्नीला जास्त नीट आठवतं.

इथे एक गोष्ट बाहेर आली. नाइट ड्यूटीनंतरच्या सकाळी त्यांच्या घरात कुकर लावत नाहीत, शिट्टीने त्यांची झोप मोडते म्हणून. बेडरूमला काळे पडदे, बेल बंद, आणि मुलगी दुपारी दोनपर्यंत कुजबुजत खेळते. रोस्टरवर तो दिवस ‘ऑफ’ असतो. ते मनापासून म्हणत होते, “सुट्टी होती ना मला!” आणि त्यांच्या पत्नीसाठी तो आठवड्यातला सगळ्यात अवघड दिवस होता.

नियमांचंही असंच आहे. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) सुधारित नियमांनुसार १ जुलै २०२५ पासून साप्ताहिक विश्रांती ३६ ऐवजी सलग ४८ तासांची झाली, त्यात दोन स्थानिक रात्री हव्यात. बदल चांगलाच आहे. पण ४८ तास म्हणजे दोन हिरवे दिवस नव्हेत. विश्रांती पहाटे दोनला सुरू झाली तर पहिला दिवस झोपेत जातो, आणि पुढचं रिपोर्टिंग पहाटेचं असेल तर शेवटच्या संध्याकाळी आठलाच अंथरूण गाठावं लागतं.

रंग भरून झाल्यावर या जोडप्याचे आकडे असे निघाले. ए३२० वर तीन महिन्यांत २६ ऑफ, त्यातले हिरवे १७. सहकाऱ्याच्या ७७७ च्या रोस्टरवर हिरवे २४. म्हणजे मोठ्या विमानावर पूर्ण दिवस जास्तच मिळत होते! पत्नीला हे अपेक्षित नव्हतं. मात्र ए३२० वर पहाटेची ड्यूटी करून दुपारी परतल्यावर ज्या संध्याकाळी ते मुलीसोबत जागे होते, त्या आणखी १९ होत्या; ७७७ वर अशा संध्याकाळी जवळपास नाहीतच. अमेरिकेची एक फेरी म्हणजे जाताना पंधरा-सोळा तास, तिथे मुक्काम, परत येणं: चार दिवस सलग लाल. त्यापुढे दीड-दोन दिवस पिवळे, कारण न्यूयॉर्क आणि मुंबईत हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो आणि शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकतं. मुक्काम दोन दिवसांच्या आतला असेल तर झोप शक्यतो भारतीय वेळेप्रमाणेच घ्यावी, म्हणजे घरी आल्यावर पिवळा भाग कमी होतो.

आता प्रश्न बदलला. “किती वेळ?” याऐवजी “सलग चार रात्री मुलीला ताप आला तर घरी कोण?” हा. आजी-आजोबा महिन्यातून दोनदा येऊन राहू शकतात का, हे फोन करून विचारायला सांगितलं. त्यांच्या वतीने गृहीत धरायचं नाही.

पगाराची तुलना करताना बहुतेक जण एकूण रकमा शेजारी ठेवतात, तिथेच चुकतं. तीन भाग वेगळे काढायचे: करारातल्या हमी तासांचा पगार, त्यावरच्या तासांचे पैसे, आणि लेओव्हर (बाहेरगावच्या मुक्कामाचा) भत्ता. घराचा हप्ता फक्त पहिल्या भागात बसला पाहिजे. या जोडप्याने नव्या फ्लॅटचा हिशोब तिन्ही धरून केला होता. प्रशिक्षणाच्या काही महिन्यांत, किंवा मेडिकलमध्ये तात्पुरतं अनफिट ठरल्यास, दुसरा-तिसरा भाग शून्यावर येतो. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा जादा तासांवर हप्ते बांधलेली घरं सर्वांत आधी अडचणीत आली. परवाना गमावल्यास भरपाई देणारा विमा कंपनीकडून किती आहे, हेही याच कागदावर लिहायचं.

पण आमच्या मते या प्रकरणाचा खरा गाभा कमांडमध्ये होता. नॅरो-बॉडीवर, म्हणजे ए३२० सारख्या लहान जेटवर, कॅप्टन झालं की पगार साधारण दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. वाइड-बॉडीच्या, म्हणजे ७७७ सारख्या मोठ्या विमानाच्या, फर्स्ट ऑफिसरला तो आकडा सहसा गाठता येत नाही. कंपनी बदलली की सीनिऑरिटी तळापासून, वर नव्या विमानाच्या प्रशिक्षणाचा बॉन्ड (ठरावीक काळ कंपनी न सोडण्याचा करार). शिवाय चार वैमानिकांच्या फ्लाइटवर तास जमतात, लँडिंग फार कमी मिळतात. ९० दिवसांत तीन टेक-ऑफ, तीन लँडिंगची अट पुरी करायला कधी सिम्युलेटर (जमिनीवरचं सरावाचं यंत्र) गाठावा लागतो. कमांड वर्षभरावर आलेली असताना उठून जाऊ नये, असं आम्ही स्पष्ट सांगितलं.

पत्नीने मध्येच विचारलं, “मग एटीआर का नाही? त्यात रोज घरी येतात ना?” एटीआर म्हणजे जवळच्या मार्गांवरची पंख्याची छोटी विमानं; त्यात येतात बरेचदा. मात्र दिवसात पाच-सहा सेक्टर (उड्डाणं), पगार कमी, आणि पावसाळ्यात मोठी जेट्स जे ढग खाली सोडून जातात त्यांच्यातूनच वाट काढायची. घरी आलेला माणूस दमलेला असतो. ज्यांना आपल्या गावाजवळ बेस मिळतो त्यांना ते मानवतं. यांच्यासाठी ते मागे जाणं ठरलं असतं.

दोघांनी दोन आठवडे घेतले आणि ऑफर नाकारली. कमांडनंतर वाइड-बॉडीचा विचार पुन्हा करायचा, मुलगी तेव्हा शाळेत रुळलेली असेल. त्यांना दोन गोष्टी आधीच सांगून ठेवल्या. कमांडचं प्रशिक्षण आणि पहिले काही महिने घरासाठी सोपे नसतात, अभ्यास आणि सिम्युलेटर हिरवे दिवसही खातात. पत्नीने बँकेत बदलीचा अर्ज त्या काळात टाकू नये. आणि डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस लागते, कॅप्टनला वर्षाची. म्हणजे पुढची ऑफर स्वीकारली तरी जायला वर्ष लागेल, आणि तेवढ्यात नव्या कंपनीने बेस बदलला तर? ऑफर लेटरमध्ये बेस मुंबई असं लेखी घ्यायचं. तिथे दिल्ली लिहिलेलं असेल, तर ठाण्याहून दिल्ली गाठण्याचे दिवस लाल धरून रंग पुन्हा भरायचे.