वालाला फूल का येईना?

प्रश्न: आषाढात लावलेला गावरान वाल मांडवभर पसरलाय, पण दसरा आला तरी एक फूल नाही. उपटून टाकू का?
— एक गृहिणी, लातूर

उत्तर: ताई, मुळीच उपटू नका! गावरान वाल दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलतो. दिवाळीच्या आसपास तुरे दिसतील. तोवर युरिया बंद, त्याने नुसती पानं माजतात. शेंड्यांवर काळा मावा दिसला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, मग निंबोळी अर्क.

शेंगा कोवळ्याच तोडा, शिरा काढा. लसूण, शेंगदाण्याचा कूट, चमचाभर येसर (भाजलेली धान्यं, डाळी अन् मसाल्यांची पूड) घातलेली रस्साभाजी अन् ज्वारीची भाकरी, मला हिवाळाभर दुसरं काही नको! वाळलेले दाणे मात्र कच्चे कधीच खाऊ नका, त्यांत सायनाइड तयार करणारे घटक असतात. रात्रभर भिजवा, भरपूर पाण्यात पूर्ण शिजवा आणि ते पाणी फेकून द्या.