'बस' पक्कं होऊ द्या, मग 'झोप'

कुत्र्याच्या पिल्लाला 'बस' जमलं की लगेच 'झोप' शिकवायचा मोह होतो, तो आवरा. शिकलेलं टिकायला मेंदूच्या पेशींना नवी प्रथिनं तयार करावी लागतात, त्यात तास जातात. तेवढ्यात मिळतंजुळतं काही शिकवलंत तर सरमिसळ होते. तळ्यातल्या गोगलगायींतही हे दिसलंय. मग 'बस' म्हटलं की पिल्लू अर्धवट वाकतं, तुमच्या तोंडाकडे बघतं आणि आडवंच होतं. ओरडू नका हो, बिचारं गोंधळलेलं असतं. पाच मिनिटं सराव, मग मस्त झोपू द्या. दुसरी आज्ञा उद्या-परवा. घाई नकोच: डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात आठवड्यातून एकदोनदा शिकवलेले बीगल जातीचे कुत्रे रोज शिकवलेल्यांपेक्षा कमी सत्रांत शिकले.