तीन ऑस्कर मिळूनही वॉल्टर ब्रेनन हिरो का होऊ शकला नाही? त्याचे कोणते चित्रपट आधी पाहावेत?

'होऊ शकला नाही' हे वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो. एरवी मी इथे बँकेच्या पेन्शनवरचे प्रश्न सोडून कशाला हात लावत नाही.

बारावीला मार्क कमी पडले म्हणून कुणी डॉक्टर होऊ शकला नाही, हे समजतं. ब्रेनन हा जुन्या हॉलिवूडचा सहायक नट, हिरोच्या रांगेत उभाच नव्हता हो. तबलजीला कुणी विचारतं का, तुम्ही गायक का होऊ शकला नाहीत? (विचारतात. आमच्या सांगलीकडे विचारतात.)

माणूस १८९४ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावचा. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये तोफखान्यात होता. परत आल्यावर लॉस एंजेलिसला जमिनींच्या व्यवहारात पैसा केला, तो बुडाला, आणि तिशी ओलांडल्यावर पोटासाठी एक्स्ट्रा म्हणून गर्दीत उभा राहायला लागला. दहाएक वर्षं तेच. मध्येच एका अपघातात पुढचे दात गेले. दुसरा कुणी असता तर सिनेमा सोडून दुकान टाकलं असतं. याने कवळी बसवली आणि ती काढली की सत्तरीचा दिसायला लागला. १९३६ साली सहायक अभिनेत्याचं ऑस्कर पहिल्यांदा सुरू झालं ते 'कम अँड गेट इट'साठी याला मिळालं. १९३८ ला 'केंटकी', १९४० ला 'द वेस्टर्नर'. 'केंटकी'तला म्हातारा केला तेव्हा त्याचं वय चव्वेचाळीस. सहायक अभिनयाचे तीन ऑस्कर घेतलेला पुरुष आजही तो एकटाच आहे.

आता माझं. मी आयुष्यभर हौशी रंगभूमीवर म्हातारेच केले. पहिला म्हातारा तेविसाव्या वर्षी. मग स्कूटर घसरली, पुढचे चार दात गेले, डॉक्टरांनी खोट्या दातांची प्लेट बसवून दिली, आणि त्यानंतर तर आमच्या ग्रुपमध्ये नाटकाचं वाचन सुरू व्हायच्या आधीच आजोबा, मामा, रिटायर्ड मास्तर माझ्या नावावर लागलेले असायचे. हिरो कायम दाजी. ताईचे यजमान. उंच, आवाज खणखणीत, केस अजून आहेत. त्यांचं ठरलेलं वाक्य: "तुला काय, झिंक लावलं की रोल तयार." डोक्याला झिंक पावडर थापली की म्हातारा होतो, असं त्यांना आजही वाटतं.

नव्वदच्या दशकात केबलवर दिवसा कार्टून नेटवर्क असायचं आणि रात्री त्याच चॅनेलवर टीएनटी, म्हणजे जुने इंग्रजी सिनेमे, सुरू व्हायचं. मुलगी झोपली की मी आवाज बारीक करून बघत बसायचो. निम्मे संवाद कळायचे नाहीत. 'टु हॅव अँड हॅव नॉट' तिथेच पाहिला. पडद्यावर हिरो हम्फ्री बोगार्ट आणि एकोणीस वर्षांची लॉरेन बॅकॉल, तिचा पहिलाच सिनेमा, आणि माझं लक्ष मात्र त्या बेवड्या एडीकडे. झटके देत चालतो, भेटेल त्याला मेलेल्या मधमाशीबद्दल एक येडा प्रश्न विचारतो आणि उत्तरावरून माणूस जोखतो. तो ब्रेनन. मग नाव शोधत गेलो. एका सिनेमात तोंडात दात दिसायचे, दुसऱ्यात गाल आत गेलेले. आणि दात नसले की नुसता चेहरा नाही, आख्खा माणूस बदलायचा: बोलण्याची लय, मान, हातसुद्धा.

१९९८ साली एका हौशी स्पर्धेत आमचं नाटक होतं. मी बाप, दाजी मुलगा, घर विकायचा वाद. तिसऱ्या अंकात बाप दवाखान्यातून घरी येतो आणि हरल्यासारखा म्हणतो, "सही कुठं करायची, सांग." तालमीत हे वाक्य रोज पडायचं. म्हणजे मी नीट म्हणायचो, पण त्यात काही नसायचं. प्रयोगाच्या दिवशी उजव्या विंगेत उभा होतो, एन्ट्रीला अर्धं मिनिट असेल, आणि मी प्लेट काढली. रुमालात गुंडाळली आणि रंगपटातल्या पोराच्या हातात दिली.

'सही'तला स गेलाच. नुसती हवा आली. 'सांग'चंही तेच. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग कुणीच हसलं नाही. पुढचं वाक्य दाजींचं, चांगलं लांबलचक. दाजी माझ्या तोंडाकडे बघत राहिले. प्रॉम्प्टरने वाक्य दिलं, परत दिलं, थिएटरात तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं दिलं. दाजी गप्प. मी खुर्चीत बसलो आणि सदऱ्याच्या खिशात पेन चाचपायला लागलो. एक खिसा, दुसरा खिसा, परत पहिला. दाजींना वाक्य सापडेपर्यंत मी पेन सापडू दिलं नाही. लोकांना वाटलं, मुलाला अपराधी वाटतंय, त्याच्या तोंडून शब्द फुटत नाहीये. टाळी पडली ती त्या शांततेला.

निकाल: अभिनयाचं रौप्यपदक दाजींना. परीक्षकांनी भाषणात त्या 'मौना'चा खास उल्लेख केला. मला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र, त्यावर आडनाव चुकलेलं. परतीच्या टेम्पोत दाजी म्हणाले, "सीन खाल्लास माझा." मी काही बोललो नाही. दाजींना कोण उलट बोलतं? पदक अजून त्यांच्या शोकेसमध्ये आहे, गणपतीत पुसून ठेवतात.

आणि प्लेट? ते पोरगं ती प्रॉपर्टीच्या ट्रंकेत टाकून झोपून गेलं होतं. ट्रंक दुसऱ्या टेम्पोने गेलेली. चार दिवस मी मऊ भात आणि पिठल्यावर काढले, बँकेत काउंटरवर तोंडाला रुमाल लावून बसलो. पुढे कधीतरी 'रेड रिव्हर'ची डीव्हीडी मिळाली. त्यात ब्रेननचा ग्रूट पत्त्यांत आपली कवळी हरतो आणि जिंकणारा ती त्याला फक्त जेवायच्या वेळी परत देतो. मी एवढा हसलो की बायको स्वयंपाकघरातून बघायला आली.

तर 'सीन खाणे' या आरोपाचा एकदाचा निकाल लावतो. सहायक नट सीन खात नाही, हिरोला सीन मिळवून देतो. 'रिओ ब्राव्हो' बघा, १९५९ चा. जॉन वेनचा शेरीफ एक पाऊल मागे न घेणारा, ओठ न हलवणारा माणूस. त्याला माया आहे हे कळतं कशावरून? तुरुंगाच्या दाराशी बंदूक घेऊन बसलेला लंगडा स्टंपी, म्हणजे आपला ब्रेनन, दिवसभर त्याच्यावर कुरकुरतो आणि शेरीफ मध्येच स्टंपीच्या टकलाचा मुका घेतो त्यावरून. स्टंपी काढा, वेनचा नुसता खांब उरतो. आणि डीन मार्टिन, रिकी नेल्सन गात असतात तेव्हा ब्रेनन माउथऑर्गन वाजवतो. म्हणजे तिथेही साथीलाच. गाणं ऐकताना त्याच्याकडे बघा.

त्यानंतर 'द वेस्टर्नर'. खरं तर तो सिनेमा त्याचाच आहे, गॅरी कूपर पाहुणा. ब्रेननने केलेला जज रॉय बीन लिली लँगट्री या नटीपायी वेडा असतो. ती गावात येते तर पठ्ठ्या नाटकाची सगळी तिकिटं एकटा विकत घेतो, जुना लष्करी गणवेश चढवतो आणि रिकाम्या थिएटरात जाऊन बसतो. पडदा वर जातो तर समोर लिली नाही, कूपर. ज्याने आयुष्यात एकदा तरी रिकाम्या खुर्च्यांसमोर प्रयोग केलाय त्याला तो चेहरा झोपू देणार नाही. मग 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन', कारण लोकांना तो फक्त गोड आजोबा वाटतो. त्यातला म्हातारा क्लँटन स्वतःच्या पोरांना चाबकाने फोडतो. बाकीचे सावकाश बघा. सिनेमे आणि मालिका मिळून दोनशेच्या वर कामं आहेत, सगळी बघण्यासारखी नाहीत. काहींत तो उगाच किरकिरतो.

नायकाचं म्हणाल तर टीव्हीवर झालाच की. 'द रिअल मॅकॉइज' १९५७ ते १९६३ चालली, त्यातला आजोबा अमोस म्हणजे मालिकेचा कणा.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. त्या वर्षांत ऑस्करला एक्स्ट्रांनाही मत होतं आणि ब्रेनन त्यांच्यातूनच वर आलेला, त्यामुळे गर्दीने आपल्या माणसाला भरभरून मतं दिली असं बोललं जायचं. एक्स्ट्रांचं मत पुढे काढून घेतलं. तेव्हा सहायकांना तो प्रसिद्ध पुतळाही मिळायचा नाही, फलक मिळायचा. (हे वाचलं तेव्हा मी ताईला फोन केला होता. दाजींना नाही.) आणि त्याच्या राजकारणाबद्दल मला प्रेम नाही. काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवा म्हणणाऱ्या जॉर्ज वॉलेसला त्याने १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत पाठिंबा दिला होता. नट मोठा म्हणून ते धुऊन निघत नाही.

अजून एक. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स एक किस्सा सांगायचा. १९३५ च्या 'बार्बरी कोस्ट'साठी ब्रेननला पहिल्यांदा समोर आणलं आणि वाचायला चार ओळी दिल्या. ब्रेननने विचारलं, घालून करू की काढून? हॉक्स म्हणाला, काय घालून? तर म्हणे, दात.

हा किस्सा मी बऱ्याच उशिरा वाचला. एक्स्ट्रा होता, नाव नव्हतं, त्या नोकरीवर पोट होतं, तरी त्याने आधी विचारलं. मी एकवीस दिवस दाजींसमोर दात घालून तालीम केली आणि काढले ते विंगेत, अर्धं मिनिट आधी, एकाही माणसाला न सांगता. दाजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ताई त्यांना मोबाइलवरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवते. ताई, हा शेवटचा परिच्छेद वगळलास तरी चालेल.